गाय विण्याच्या आसपासची रक्ततपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जनावरांचा डॉक्टर. माझं बहुतेक काम जर्सी आणि होल्स्टिन संकरित गाईंच्या गोठ्यांत चालतं. खालचे प्रश्न मला गोठ्यात, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर आणि रात्री-अपरात्री फोनवर विचारले जातात. रक्ताचा रिपोर्ट आता तालुक्याच्या गावीही मिळतो. पण त्यातला आकडा कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या गाईचा आहे हे न बघता औषधं सुरू होतात, आणि त्यात पैसा जातो, कधी गायही जाते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

विण्याच्या आसपास म्हणजे नेमके कोणते दिवस?

विण्याआधीचे 3 आठवडे आणि नंतरचे 3 आठवडे. दुग्धज्वर (कॅल्शियम उतरून गाय बसणं), कीटोसिस (रक्तात कीटोन वाढणं), वार अडकणं, गर्भाशयदाह, चौथं पोट सरकणं, कासदाहाचा मोठा भाग, हे सगळं या सहा आठवड्यांत दाटीवाटीने येतं.

या दिवसांत गाईच्या अंगात असं काय घडतं?

दोन गोष्टींची एकदम ओढाताण होते, साखरेची आणि कॅल्शियमची.

आधी साखर. गाईच्या दुधातली गोडी रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. एक लिटर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. 20 लिटरची गाय रोज जवळपास 1.4 किलो ग्लुकोज कासेत ओतते. आपण भाकरी खाल्ली की आतड्यातून साखर रक्तात येते, तसं गाईचं नाही. तिच्या पोटातले जंतू चाऱ्यातली साखर आणि पिष्ट आधीच आंबवून टाकतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यातल्या प्रोपिऑनेटपासून यकृत नव्याने ग्लुकोज बनवतं. म्हणजे चारा-भरडा पोटात गेला तरच साखर. आणि नेमकं विण्याआधीच्या आठवड्यांत गाईचं खाणं घटतं, शेवटच्या दिवसांत तर चांगलंच घटतं. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, खाणं मात्र हळूहळू वाढतं. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते.

वितळलेली चरबी रक्तातून यकृतात येते. यकृत त्यातली काही जाळतं, काहीचे कीटोन, म्हणजे चरबी अर्धवट जळून होणारे पदार्थ, बनवतं आणि उरलेली साठवतं. साठवलेली चरबी बाहेर पाठवण्यात गाईचं यकृत फार संथ आहे. चरबीचा लोंढा मोठा असला की यकृत चरबीने भरतं आणि साखर बनवायचं त्याचं मुख्य काम मंदावतं.

आता कॅल्शियम. मोठ्या गाईच्या रक्तद्रवात एका वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम 3 ग्रॅम असतं. 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे रक्तातला साठा दिवसातून कित्येकदा नव्याने भरायला लागतो. तो हाडांतून आणि आतड्यातून भरला जातो, पण ही यंत्रणा पूर्ण चालू व्हायला एक-दोन दिवस जातात. त्या एक-दोन दिवसांत गाय बसते. तिसऱ्या वेतापुढच्या गाईत ही यंत्रणा आणखी संथ असते, आणि जर्सी रक्ताच्या गाईत धोका जास्त.

रिपोर्टवर नेफा, बीएचबी असं काय काय लिहिलेलं असतं?

नेफा म्हणजे अंगावरून वितळून रक्तात आलेली चरबी. गाय स्वतःला किती खाते आहे, ते यावरून कळतं. बीएचबी हा मुख्य कीटोन. तो वाढला म्हणजे चरबी येते आहे आणि यकृत ती पूर्ण जाळू शकत नाही. एकूण कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच मोकळं, म्हणजे कामाचं असतं. लॅबमध्ये बहुधा एकूण मोजतात आणि रोजच्या कामाला ते पुरतं. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम हाडांतून सोडवणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक नीट काम करत नाही, म्हणून कॅल्शियमबरोबर तेही बघावं.

हॅप्टोग्लोबिन हे सूज-संसर्गात वाढणारं प्रथिन आहे. निरोगी गाईत ते जवळपास नसतंच, आणि गर्भाशयदाहात डोळ्यांना लक्षण दिसायच्या आधी वाढतं. मला ते फार मोलाचं वाटतं, पण साध्या लॅबमध्ये ते मिळत नाही. एएसटी हे विकर (एन्झाइम) यकृताचं म्हणून ओळखलं जातं, मात्र ते स्नायूंतही असतं. गाय दिवसभर एका कुशीवर बसून राहिली की मांडीचे स्नायू चेपून एएसटी चढतं. तो आकडा बघून लिव्हर टॉनिकच्या बाटल्या पाजू नयेत.

किती आकड्यापुढे धोका धरायचा?

विण्याआधीच्या दोन आठवड्यांत नेफा लिटरमागे 0.3 मिलिमोलपर्यंत ठीक, त्यापुढे काळजी. व्याल्यानंतर ही रेघ 0.6 ते 0.7 च्या आसपास येते. बीएचबी 1.2 मिलिमोलच्या पुढे गेला तर सुप्त कीटोसिस, म्हणजे गाय वरून बरी दिसते पण आत बिघाड सुरू आहे. काही जण 1.0 धरतात, काही 1.4. 3.0 च्या पुढे बहुधा लक्षणं दिसतात. कॅल्शियम 100 मिलीमागे 8.5 ते 10 मिलिग्रॅम असावं. 8 च्या खाली सुप्त कमतरता, आणि साडेपाचच्या आसपास आलं की गाय बहुधा बसलेली असते. एककं बघा: कॅल्शियमचे 100 मिलीमागे 8 मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे 2 मिलिमोल. एका लॅबचा आकडा 2.1 आणि दुसरीचा 8.4 आला तर दोघीही बरोबर आहेत.

या रेघा अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या कळपांत हजारो गाई तपासून आखल्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठाने 2010 मध्ये ईशान्य अमेरिकेतल्या कळपांवर काम करून नेफा आणि कीटोनच्या रेघांचा रोगांशी, दुधाशी आणि गाभण राहण्याशी संबंध जोडला. रेघ ओलांडली की चौथं पोट सरकणं, वार अडकणं, गर्भाशयदाह यांचा धोका काही पटींनी वाढतो, हे तिथून पक्कं झालं. मूळ कल्पना त्याहून जुनी. इंग्लंडात कॉम्पटनच्या संशोधन संस्थेत जॅक पेन आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये कळपाच्या रक्ताची अशी तपासणी मांडली होती, आणि ती सुरुवातीपासून कळपासाठी होती. एका गाईचं निदान करायला ती काढलेली नव्हती. पुढचे दोन-तीन प्रश्न वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

रक्त कोणत्या दिवशी घ्यायचं? व्याल्याबरोबर घेतलं तर बरं ना?

मला सगळ्यात जास्त सांगावं लागतं ते इथेच.

व्याल्याच्या दिवशी कॅल्शियम तपासलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वेतापुढच्या कितीतरी गाईंत ते कमीच येणार. तो दिवस उताराचाच असतो. कॉर्नेलमध्येच मॅकआर्ट आणि नेव्हिस यांनी 2020 मध्ये दाखवलं की पहिल्या दिवशी कॅल्शियम कमी, पण चौथ्या दिवशी भरून आलेल्या गाईंनी उलट जास्त दूध दिलं. कास जोरात ओढत होती, गाय सावरत होती. त्रास झाला तो चौथ्या दिवशीही कॅल्शियम खाली असलेल्या गाईंना. रोगही त्यांच्यातच जास्त आणि दूधही कमी. तेव्हापासून मी उभ्या, खात्या-पित्या गाईचं कॅल्शियम व्याल्यानंतर चौथ्या दिवशी बघतो.

कीटोनचं वेळापत्रक वेगळं. अमेरिकेतल्या चार कळपांत 2012 च्या अभ्यासात व्याल्यानंतर 3 ते 16 दिवस गाईंची वारंवार तपासणी केली. 43 टक्के गाई कधी ना कधी 1.2 च्या वर गेल्या, आणि नव्याने वर जाणाऱ्यांची सर्वाधिक गर्दी पाचव्या दिवशी होती. ज्या लवकर, म्हणजे पहिल्याच आठवड्यात वर गेल्या, त्यांचे हाल जास्त. कीटोन मोजायची एकच पट्टी (ती हातातल्या मीटरमध्ये घालतात) परवडत असेल तर पाचवा-सहावा दिवस धरा. दोन परवडत असतील तर दुसरी नवव्या-दहाव्या दिवशी.

वेळही धरा. कीटोन सकाळच्या खाण्यानंतर चार-पाच तासांनी तपासतात. पहाटे सहाला वैरण पडत असेल तर दहा-अकराला. नेफाचं रक्त मात्र वैरण टाकायच्या आधी घ्यायचं.

आकडा रेघेपुढे गेला, म्हणजे गाय आजारीच ना?

नाही. मीही कित्येक वर्षं हो म्हणत होतो.

आयोवा राज्य विद्यापीठातल्या लान्स बाउमगार्ड यांच्या गटाने 2021 मध्ये या सगळ्या समजुतींची फेरतपासणी करणारा मोठा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की चरबी वितळणं, कीटोन वाढणं, कॅल्शियम उतरणं हे भरपूर दूध देणाऱ्या निरोगी गाईत व्हायचंच. आजारी गाईत मात्र बऱ्याचदा मूळ कारण संसर्ग किंवा सूज असतं. गर्भाशय, कास किंवा आतड्यातून संसर्ग सुरू होतो, त्याने गाय खाणं तोडते, आणि खाणं तुटलं म्हणून नेफा-कीटोन चढतात. मग रिपोर्ट बघून आपण म्हणतो, कीटोसिस झाला म्हणून गर्भाशयदाह झाला. प्रत्यक्षात क्रम उलटाही असू शकतो.

सगळे शास्त्रज्ञ यावर एकमताचे नाहीत. कीटोन लवकर ओळखून उपचार केल्याने चौथं पोट सरकण्याचं प्रमाण घटलं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. मी स्वतः असं करतो: कीटोन 1.6, गाय गव्हाण चाटूनपुसून साफ करते, रवंथ करते, दूध रोज चढतं आहे, ताप नाही, तर थांबून बघतो, दोन दिवसांनी पुन्हा पट्टी लावतो आणि खुराक नीट करतो. कीटोन तोच 1.6, पण पेंड-भरडा तसाच पडलेला, डोळे आत गेलेले, दूध थांबलेलं, तर त्या गाईला उपचार लागतो. आणि फक्त कीटोनचा नाही. हातमोजा घालून गर्भाशय, चारही सड, डाव्या बरगड्यांवर टिचकी मारून चौथ्या पोटाचा टणत्कार, सगळं तपासायचं.

माझ्याकडे चारच गाई आहेत. कळपाच्या टक्केवारीचं मी काय करू?

टक्केवारी सोडून द्या. मोठ्या गोठ्यात विण्याच्या टप्प्यातल्या किमान 12 गाई तपासतात, आणि 15 टक्क्यांहून जास्त रेघेपुढे गेल्या तर औषधाऐवजी खुराक, जागा, गर्दी, पाणी यांत चूक शोधतात. चार गाईंत असा हिशेब मांडता येत नाही. पण चार गाईंच्या गोठ्यात जे होतं ते चारशेच्या गोठ्यात होत नाही: तुम्ही रोज दोन वेळा प्रत्येक गाईच्या अंगाला हात लावता. वहिनींना कुणी न विचारताही ठाऊक असतं की कालपासून तांबडीने पेंड बाजूला सारून नुसता कडबा ओढला. कीटोसिसचं याहून सरळ लक्षण नाही. गाय आधी खुराक सोडते, मग मुरघास, कडबा शेवटपर्यंत खाते.

म्हणून छोट्या गोठ्याला माझं सांगणं एवढंच: तिसऱ्या वेतापुढची गाय, आटवताना जाड असलेली गाय, जुळी व्यालेली, वार अडकलेली, आणि मागच्या वेताला बसलेली. या पाच प्रकारच्या गाईंवर पट्टी आणि लॅबचा खर्च करा. बाकीच्यांना दहा दिवस रोज थर्मामीटर लावा.

रक्त कुठून घ्यायचं आणि कोणत्या नळीत?

शेपटीखालच्या शिरेतून किंवा मानेतून. पोटाखालून कासेकडे जाणारी फुगीर दुधाची शीर हाताशी असते म्हणून तिच्यातून घेऊ नका. कास कीटोन शोषून घेते, त्यामुळे त्या शिरेतला आकडा कमी येतो, आणि ती शीर सुजली तर कासेचं नुकसान वेगळंच.

नळीच्या टोपणाचा रंग बघा. कॅल्शियमसाठी लाल टोपणाची साधी नळी. ग्लुकोजसाठी राखाडी, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि दुपारपर्यंत आकडा खोटाच कमी होतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रसायन कॅल्शियम धरून ठेवतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गाईचं रक्त घाईत जांभळ्या नळीत भरलं आणि माणसांच्या लॅबमध्ये दिलं. कॅल्शियम एवढं कमी आलं की तेवढ्यावर कोणतंही जनावर जिवंत राहणार नाही. गाय तर समोर उभी राहून मका खात होती. मालक मात्र रिपोर्ट बघून घाबरला होता आणि मी पोचायच्या आत त्याने कुणाकडून तरी सलाईन लावून घेतलं होतं. गाय वाचली. चूक माझी होती, आणि तेव्हापासून रक्त घ्यायच्या आधी मी नळीचं टोपण मोठ्याने बोलून बघतो.

रक्त सुईतून जोरात ढकललं किंवा नळी उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर पेशी फुटतात, वरचं पाणी लालसर दिसतं. तसल्या नमुन्यातला फॉस्फरस आणि पोटॅशियम धरू नका.

माणसांचं मीटर चालतं का?

कीटोन मोजणारं हातातलं मीटर चालतं. माणसांसाठी बनवलेली अशी मीटर गाईच्या रक्तावर तपासून पाहिली आहेत आणि बीएचबीचा आकडा लॅबच्या जवळ येतो. त्याला कीटोनचीच पट्टी लागते, साखरेची पट्टी लावून कीटोन कळत नाही. चार-पाच गोठ्यांनी मिळून एक मीटर घेतलं तर खर्च वाटला जातो. खरा खर्च पट्ट्यांचा आहे.

साखरेवर मात्र मी फार भरवसा ठेवत नाही. गाईच्या रक्तात साखरेची वाटणी माणसासारखी नसल्याने माणसाच्या मीटरचा आकडा हलतो. शिवाय विण्याच्या वेळी, दावं ओढून धरताना, नुकतंच सलाईन लावल्यावर गाईची साखर उगाच चढते. गाईची साखर 40 ते 60 मिलिग्रॅम असते. माणसांच्या लॅबवाल्याने 50 या आकड्याखाली लाल रेघ मारली म्हणून घाबरू नका.

रक्त न काढता लघवी किंवा दुधावर भागत नाही का?

भागतं, थोडं सैल. दवाखान्यात रोथेराची चाचणी होते. पावडरीवर गाईच्या लघवीचे थेंब टाकले की कीटोन असल्यास जांभळा रंग येतो. स्वस्त आणि मिनिटभराचं काम. पण लघवीत कीटोन साठून येतात, त्यामुळे ती बऱ्याच बऱ्या गाईंनाही जांभळी दाखवते. रंग आला नाही तर निर्धास्त राहा, रंग आला तर रक्ताची पट्टी लावा.

दुधाची एक गोष्ट आपल्याकडे सगळ्यांच्या खिशात असते, ती म्हणजे संकलन केंद्राची पावती. व्यालेली होल्स्टिन संकरित गाय दुसऱ्या आठवड्यात 5 च्या पुढे फॅट दाखवायला लागली की घरात आनंद होतो, दर वाढून मिळतो. ती फॅट पेंडीतून आलेली नसते. गाईच्या पाठीवरची चरबी वितळून कासेतून बाहेर पडत असते. फॅट चढती आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) उतरता दिसला, तर त्या आठवड्यात कीटोनची पट्टी लावाच. अर्थात पावतीवर एकाच गाईचं दूध असेल तरच हे कळतं.

कीटोन वाढला आणि गाय खात नाही. उपचार काय? गूळ द्यायचा का?

प्रोपिलीन ग्लायकॉल रोज एकदा 300 मिली, तीन ते पाच दिवस. पाजताना जीभ ओढू नका, डोकं फार वर करू नका, गाईला गिळायला वेळ द्या. श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि तो कीटोसिसपेक्षा वाईट. 3.0 च्या पुढच्या, पूर्ण खाणं तोडलेल्या गाईला शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं, ते डॉक्टरांनी द्यायचं.

गुळाचं सांगतो. बाजरी शिजवून गूळ, मेथी, शेपा घालून व्यालेल्या गाईला घालायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. थोड्या प्रमाणात ती चांगली आहे, गाय चवीने खाते आणि गरम पाणी पोटात जातं. पण गुळातली साखर गाईच्या रक्तात साखर म्हणून पोचत नाही. पोटातले जंतू ती आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनतं, जे कीटोनचंच कच्चं सामान आहे. कीटोसिस झाला म्हणून दोन-दोन किलो गूळ पाजणाऱ्यांच्या गाईंना मी आम्लपित्ताने, म्हणजे पोट आंबून, आडव्या पडलेल्या पाहिल्या आहेत.

एक सावधगिरी. कीटोसिसची गाय कधी वेड्यासारखी वागते, गव्हाण चाटत राहते, स्वतःचंच अंग चावते, गोल फिरते. पिसाळलेलं जनावरही असंच दिसू शकतं. लाळ गळत असेल तर उघड्या हाताने तोंडात काही घालू नका, डॉक्टर येईपर्यंत लांबून बघा.

प्रत्येक व्यालेल्या गाईला कॅल्शियमची बाटली लावून टाकली तर?

उभ्या गाईला नको. शिरेतून दिलेलं कॅल्शियम रक्तात एकदम खूप चढतं, शरीर स्वतःची यंत्रणा बंद करतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत आकडा पहिल्यापेक्षा खाली येतो. शिवाय घाईने सोडलं तर हृदय थांबतं. बाटली बसलेल्या गाईसाठी आहे, ती सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यायची. तिसऱ्या वेतापुढच्या उभ्या गाईला व्याल्यावर तोंडाने कॅल्शियमचं जेल किंवा गोळा द्या, आणि पुन्हा 12 ते 24 तासांनी एकदा.

पहिलारू कालवडीला यातलं काही सहसा लागत नाही.

मग गाभण असतानाच कॅल्शियम पाजत राहिलं तर साठा होईल ना?

साठा हाडांत आधीच आहे, किलोंनी. अडचण तो सोडवून आणायची असते. शेवटच्या तीन आठवड्यांत आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून काढायची यंत्रणा सुस्तावते. त्याच दिवसांत भरपूर नेपियर गवत आणि लसूणघास घातला तर आणखी अडचण, कारण शेणखत-युरियावर वाढलेल्या या चाऱ्यांत पोटॅशियम खूप असतं. त्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि पॅराथायरॉइडचा हुकूम हाडं नीट ऐकत नाहीत.

भाकड गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत कडबा, मक्याचा मुरघास, थोडा भरडा द्या आणि घास कमी करा. मोठ्या गोठ्यांत या काळात ऋणभारित क्षार, म्हणजे रक्ताचा अल्कधर्मीपणा कमी करणारे क्षार, देतात. ते दिले तर लघवीचा सामू पट्टीवर मोजलाच पाहिजे. एरवी 8 च्या आसपास असणारा सामू 6 ते 7 च्या मध्ये आला की क्षार लागू पडले. त्याखाली गेला तर मात्रा जास्त होते आहे आणि गाय खाणं तोडेल. न मोजता हे क्षार देऊ नका.

आमच्याकडे हंगामात नुसते उसाचे वाढेच असतात.

कारखान्याच्या पट्ट्यात हे असंच आहे, त्यात तुमचा दोष नाही. वाढ्यांत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियम बांधून शेणावाटे बाहेर काढतं. तीन-चार महिने फक्त वाढ्यांवर राहिलेली गाय विण्याच्या वेळी हाडांनी आधीच रिकामी झालेली असते. वाढे निम्म्याहून कमी ठेवा, बाकी कडबा आणि मुरघास, आणि भाकड काळाच्या सुरुवातीपासून खनिज मिश्रण रोज. चुन्याच्या निवळीचं पाणी वाढ्यांवर शिंपडायची जुनी पद्धत योग्य आहे, फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत ते थांबवा.

गाय चांगली गुबगुबीत आहे, हे चांगलंच ना?

विताना नाही. पाचपैकी 3 ते साडेतीन गुणांची गाय हवी, शेवटच्या बरगड्या हाताने दाबल्यावर लागाव्यात. त्याहून जाड गाय व्याल्यावर कमी खाते आणि जास्त वितळते. पण भाकड काळात तिला उपाशी ठेवून बारीक करू नका, त्याने चरबी विण्याआधीच वितळायला लागते. जाडी आटवण्याआधी, दूध चालू असतानाच आवरायची.

दुग्धज्वरात ताप किती येतो?

येतच नाही. नाव फसवं आहे. कान गार, नाकपुडी कोरडी, मान एका कुशीकडे वळलेली, शेण थांबलेलं, अंगाचं तापमान सामान्य किंवा त्याहून कमी. व्यालेल्या गाईला 104 ताप असेल तर कॅल्शियम बाजूला ठेवा आणि गर्भाशय, कास बघा. संकरित गाय असेल तर मानेखालच्या, मांडीजवळच्या गाठी चाचपा. विण्याच्या ताणात गोचीड ताप उसळतो, आणि अशी गाय कॅल्शियमच्या चार बाटल्यांनी उठत नाही. रक्ताची काचपट्टी करून थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा परजीवी, शोधावा लागतो.

हे सगळं म्हशीला आणि देशी गाईला लागू आहे का?

तत्त्व लागू आहे, आकडे जसेच्या तसे नाहीत. म्हशीत व्याल्यानंतर लघवी लाल-काळी झाली तर फॉस्फरसची कमतरता आधी आठवा, त्यात तासांना महत्त्व आहे. खिलार, देवणी, लाल कंधारी यांचं दूध बेताचं असल्याने हा धोका कमी. जास्त दूध देणारी गीर असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसाचा नियम तिलाही लावा.

रात्री दोनला गाय बसली, डॉक्टर यायला तास आहे. तोवर काय करू?

तिला एका कुशीवर आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती करा आणि दोन्ही बाजूंना मातीने किंवा भुशाने भरलेली पोती लावा, नाहीतर पोट फुगून जीव जातो. मागचा एक पाय अंगाखाली दबला असेल तर दर तासाला कूस बदला. तोंडावाटे काहीही पाजू नका, अगदी पाणीसुद्धा नाही, कारण अशा गाईला गिळता येत नाही. खाली फरशी असेल तर वाळू किंवा कडब्याचा जाड थर घाला. धार काढत बसू नका. थर्मामीटर लावा, आकडा लिहून ठेवा. फोनवर मला एवढं सांगा: कितवं वेत, किती वाजता व्याली, चीक किती काढला, वार पडली का, ताप किती, आणि आतापर्यंत काय काय दिलं आहे. खरं सांगा, आधी कुणी बाटली लावून गेलं असेल तरी सांगा. मी रागावत नाही, मला मात्रा त्यावरून ठरवायची असते. कॅल्शियम देण्याआधी एक नळी रक्त काढून ठेवतो, लाल टोपणाची. गाय उठली तरी काही गाई 12 ते 48 तासांत पुन्हा बसतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती नळी कामाला येते.